पुराआधीची बेगमी : आमच्या गल्लीच्या प्रकल्प नोंदी, २०२१

१८ एप्रिल

संचारबंदी आहे, बचत गटाची बैठक भरवता येत नाही. म्हणून ज्या त्या उंबऱ्यात ज्या त्या बाया उभ्या राहिल्या आणि मी गल्लीच्या मधोमध वही घेऊन. ठरलं ते असं : पाऊस लागायच्या आत अकरा घरांची मिळून एकच बेगमी करायची. पैसे गटाच्या बचतीतून अंतर्गत कर्ज म्हणून, फेड दिवाळीनंतर. हिशेब माझ्याकडे. माल ठेवायला आण्णांची वरची खोली, कारण गल्लीत दुमजली घर तेवढं एकच.

बाहेरच्यांसाठी दोन ओळी. गाव शिरोळ तालुक्यातलं, कृष्णेकाठचं. आमच्याकडचा पूर चिपळूण-महाडसारखा एका रात्रीत अंगावर येत नाही. पंचगंगा आणि कृष्णा नृसिंहवाडीला मिळतात, तिथून मागं फुगवटा धरतो आणि पाणी इंचाइंचानं चढतं. सांगलीत आयर्विन पुलाला ४० फूट म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्याला ३९ आणि ४३. हे चार आकडे इथल्या पोरांना पाढ्यांच्या आधी पाठ होतात. पळायला दीड-दोन दिवस मिळतात, पण एकदा घरात आलेलं पाणी आठ-आठ दिवस हलत नाही. २०१९ ला आयर्विनला ५७ फुटांच्या वर गेलं होतं. त्याची रेघ आमच्या पुढच्या खोलीत कॅलेंडरच्या खिळ्याच्या वर आहे. घराला रंग दिला तेव्हा तेवढी पट्टी मुद्दाम सोडली.

काय भरायचं यावर बराच कालवा झाला. कुणी म्हणालं बिस्किटं, कुणी मॅगी, कुणी पाण्याच्या बाटल्या. आत्ती (माझ्या सासूबाई) आतून म्हणाल्या, "पुरात उपास पडत न्हाईत गं. उतरल्यावर पडत्यात."

आणि खरंच आहे ते. २०१९ ला छावणीत होतो तोवर भाकरीची ददात नव्हती. कुठनं कुठनं गाठोडी आली, भाकरी-चटणीच्या गाड्या आल्या, बिस्किटं तर पोरं मोजेनाशी झाली. घरी परतलो आणि खरी परवड सुरू झाली. दुकानातला माल कुजलेला, वीज नाही, नळ नाही. सरकारचे १० किलो गहू आणि १० किलो तांदूळ मिळाले. तांदूळ शिजवला, पण गहू दळायचा कुठं? गिरणीची मोटर गाळात. तोवर छावणी उठलेली असते आणि टेम्पो दुसऱ्या गावाकडं वळलेले असतात.

तेव्हा बेगमीचे दोन ढीग. पहिला नेण्याचा : तीन दिवसांचा, पाठीवर उचलता येईल एवढा, चूल नको आणि पाणी नको असा. दुसरा परतल्यावरचा : पंधरा दिवसांचा. मोठा ढीग दुसरा.

२१ एप्रिल

माणसं ५२. सहा वर्षांखालची आठ पोरं अर्धी धरली, म्हणजे ४८ पानं. रोजी माणशी धान्य ४०० ग्रॅम, डाळ-कडधान्य ८०, तेल ३० मिलि, गूळ-साखर मिळून ३०, मीठ १०.

पंधरा दिवसांना धान्य २८८ किलो. सोपं करून ३०० : शाळू (रब्बी ज्वारी) १५०, तांदूळ १००, पोहे आणि रवा मिळून ५०. डाळी-कडधान्य ५८, तेल २२ लिटर, गूळ-साखर २२, मीठ आठ किलो. कांदे नाहीत, बटाटे नाहीत; पावसाळी हवेत खोली बंद राहिली की आठवड्यात वास सुटतो. त्याऐवजी लसणाच्या माळा.

गल्लीतल्या मावशींना ३० मिलि तेल फार वाटलं. त्यांच्या सुनेला कमी वाटलं. तेच ठेवलं.

२९ एप्रिल

दुकानं सकाळी ७ ते ११. जयसिंगपूरच्या होलसेलवाल्याकडं यादी दिली तर त्यानं आधी यादीकडं आणि मग माझ्याकडं बघितलं. "वैनी, लॉकडाऊन वाढतोय काय? तुमाला कुनी सांगितलं?" मागच्या रांगेत लगेच कुजबुज, आणि दोघांनी तिथल्या तिथं साखर दुप्पट करून घेतली. मग गटाचं लेटरहेड दाखवलं आणि अकरा घरं, ५२ माणसं असा हिशेब मोठ्यानं वाचला. साठेबाजी आणि बेगमी यांतला फरक एवढाच दिसतो : बेगमीत माणसं आधी मोजलेली असतात.

तेलानं कंबर मोडली. सोयाबीनचा १५ किलोचा डबा २,४०० च्या पुढं. गेल्या साली हा भाव सांगितला असता तर कुणी दारात उभं केलं नसतं. एक डबा सोयाबीन घेतला, बाकीचं गल्लीतल्या शेंगांचं घाण्यावरून काढून आणायचं.

शाळू मात्र गावातूनच, खळ्यावरचा. दातानं कट्कन फुटला तोच घेतला.

७ मे

वाळवणाचा मोसम. पण कुरडया, पापड, सांडगे या ढिगात नाहीत. तळायला तेल लागतं, आणि पूर उतरलेल्या घरात कढई घेऊन बसायला कुणाला सवड असते? पोरींनी तोंड वाकडं केलं.

नेण्याच्या ढिगासाठी कडक भाकरी. ही कला सोलापूर आणि पलीकडं कर्नाटकातली; आमच्या गल्लीत दोनच घरांत येते, दोन्ही सुना तिकडच्या. शाळूचं पीठ उकळत्या पाण्यात मळायचं, भाकरी कागदासारखी पातळ थापायची, तव्यावर शेकली की आचेच्या कडेला उभी करून पार पाणी जाईपर्यंत वाळवायची. मोडली की पापडासारखा आवाज आला पाहिजे. मधे जरा वाकली तर ती डब्यात घालायची नाही, त्याच दिवशी दुधात कुस्करून खायची. एक ओलसर भाकरी सगळ्या डब्याला बुरशी लावते. डब्यात तळाला कागद, वर कागद. महिनाभर सहज राहते, जास्तही.

तिच्यासोबत शेंगाचटणी, कारळ्याची चटणी, गूळ, फुटाणे, खजूर. भडंग नाही, जयसिंगपूरच्या तालुक्यात राहून हे लिहायला जड जातं, पण ती खाल्ली की तहान लागते आणि नेण्याच्या पिशवीत पाणी मोजकं.

१३ मे

डबे तपासले. हे काम वाटलं होतं त्याहून रंजक निघालं, सबंध गल्ली हौदाभोवती.

खोली वरची असली तरी भरवसा किती? पुढच्या वेळी पाणी कुठवर येईल हे कुणी लिहून दिलेलं नाही. म्हणून डबा बुडाला तरी धान्य कोरडं राहिलं पाहिजे, या अटीवर भांडी निवडायची. प्रत्येक डब्यात धान्याच्या वजनाची कोरडी वाळू भरली, वर वर्तमानपत्राचा कोरा काठ, त्यावर चिमूटभर नीळ. एक थेंब आत गेला तरी कागदावर निळा डाग फुटणार. झाकणं लावून रात्रभर जनावरांच्या हौदात, वरून दगड ठेवून पाण्याखाली दाबलेले.

स्टीलचा नेहमीचा डबा : निळाईचा नुसता चिखल. त्याच डब्याला चिकटपट्टीचे तीन वेढे : तोच चिखल, जरा उशिरा. पत्र्याचा तेलाचा डबा : तळाच्या सांध्यातून पाझरला. रंगाची वीस लिटरची बादली, झाकणात रबर : कोरडी. पन्नास लिटरचं प्लास्टिकचं बॅरल, रबर आणि वर लोखंडी कडं आवळायचं : कोरडं, कागद कुरकुरीत.

दुसरी गोष्ट दिसली ती सकाळी. एका बॅरलवरचा दगड रात्रीतून घसरला होता आणि बॅरल हौदात तरंगत होतं. पन्नास लिटर जागेत शाळू ३७ किलोच मावतो, म्हणजे भरलेलं बॅरल पाण्यापेक्षा हलकं. हे पुरात खोलीभर फिरणार, दारं-खिडक्या ठोकणार, दार उघडं असेल तर सरळ कर्नाटकात जाणार. तेव्हा बॅरलं बांधायची. हाच हिशेब गॅसच्या टाकीला लावला : १४.२ किलो गॅस आणि पंधराएक किलो लोखंड, पण आत ३३ लिटरची जागा. म्हणजे भरलेली टाकीसुद्धा तरंगते. २०१९ ला टाक्या गल्लीतून वाहत गेल्या त्या रिकाम्या होत्या म्हणून, असं सगळे समजत होते.

बॅरलं आठ. शाळूला चार, तांदळाला तीन, डाळींच्या पिशव्यांना एक. भंगारात स्वस्त मिळतात, पण इचलकरंजीकडून येणारी बरीचशी कापडाच्या प्रोसेसची असतात, रंग-रसायनांची. कितीही धुतली तरी धान्याला नकोत. लोणच्याची घेतली. लोणच्याचा वास आहे, तो चालेल. रंगाच्या बादल्या नवीन असल्या तरी त्यांत खायचं काही नाही. काडेपेट्या, मेणबत्त्या, साबण, बॅटऱ्या, पॅड, फिनेल एवढंच.

१६ मे

तौक्ते वादळ किनाऱ्यानं वर सरकतंय. इथं वारा आणि सरी. गच्चीवर ऊन दाखवायला पसरलेला शाळू धावपळ करून आत घेतला. पुन्हा दोन कडक उन्हं दिल्याशिवाय बॅरलमध्ये जाणार नाही.

२६ मे

धान्य भरलं. शाळूत सुका कडुलिंबाचा पाला, तुरीच्या डाळीला एरंडेल चोळलं, मूग-मटकी राखेत. बोरिक पावडरीचा विषय निघाला. घरोघर वापरतात, पण पुरानंतर धान्य धुवायला चांगलं पाणी कुठून आणणार? म्हणून नको. प्रत्येक बॅरलवर आत काय, किती, कधी भरलं ते ऑइलपेंटनं. आण्णांच्या खोलीत भिंतीला खुंट्या मारून म्हशीच्या दाव्यानं बॅरलं जखडली.

२ जून

जातं. आमच्या परड्यात पालथं पडलेलं होतं, त्याच्यावर तुळशीची कुंडी. आजपासून ते प्रकल्पात.

शाळूचं पीठ आधी दळून ठेवता येत नाही, पावसाळ्यात तीन-चार आठवड्यांत कडवट होतं. धान्य अख्खं ठेवायचं तर गिरणी लागणार, आणि गिरणी आठवडे बंद राहणार. मग जातंच. पण नुसतं जातं असून भागत नाही, पाळ्या घासून गुळगुळीत झालेल्या. धान्य फिरतं आणि खालून तसंच अख्खं पडतं. टाकवून घ्यायला माणूस हवा. पूर्वी टाकीवाल्या बाया दारावर हाळी देत यायच्या. शेजारच्या गावात एक म्हातारबा मिळाले. त्यांनी वरची पाळी काढून उताणी ठेवली, बोटांनी चाचपली आणि छिन्नी-हातोडी घेऊन मधल्या भोकाकडून कडेकडं टाके घालत गेले. बारीक, अंतरा-अंतरानं, कडेला आणखी बारीक. मग मूठभर जाडं मीठ घालून फिरवलं, ते फेकलं. मग मूठभर कोंडा, तोही फेकला. तिसरं जे पडलं ते पीठ. आत्तींनी चिमटीत घेऊन बघितलं आणि काहीच बोलल्या नाहीत, म्हणजे पसंत.

खुंटा नवा, बाभळीचा. दोघी समोरासमोर बसल्या तर तासाला घरापुरतं निघतं.

१२ जून

वैरण. हा विषय अन्नाच्या वहीत कशाला, असं आमच्या ह्यांनी विचारलं. कारण म्हशी हलल्याशिवाय माणसं हलत नाहीत. २०१९ ला कितीतरी घरं शेवटपर्यंत थांबली ती म्हशींसाठी. गल्लीत १४ म्हशी, चार गाई. ओली वैरण पाण्याखाली गेली की कडब्यावरच काढावं लागतं. एका म्हशीला रोज आठ-दहा किलो कडबा आणि वर पेंड. आठ दिवसांचा कडबा आधीच उंचावरच्या पाहुण्यांच्या रानात रचून ताडपत्री घातली.

२७ जून

चावीचं भांडण. आण्णांच्या घराची चावी आण्णांकडं हे उघड आहे, पण खोलीची? दोन घरांचं म्हणणं, आपलं आपण आपल्या माळ्यावर ठेवू. त्यांची रेघ दाखवली, माळ्याच्या दोन फूट वर. तरी अडून बसले. शेवटी खोलीला दोन कुलपं, एक चावी आण्णांकडं, एक गटाकडं. वाटप माणशी होणार, घरटी नाही. यावर मोठ्या कुटुंबांचा जीव भांड्यात पडला आणि लहान कुटुंबांचा वर आला, पण वहीत सह्या झाल्या.

२० जुलै, आषाढी

उपासाचा साबुदाणा बेगमीत का नाही, असा प्रश्न आज आला. उत्तर दिलं नाही.

नेण्याच्या पिशव्या सगळ्यांच्या दारात उघडून बघितल्या. कागदपत्रं प्लास्टिकमध्ये : रेशनकार्ड, आधार, सातबारा, पासबुक. साखरेच्या आणि बीपीच्या गोळ्या महिन्याच्या. ओआरएस. मास्क. एका पिशवीत कडक भाकरी संपलेली, पोरांनी पावसात चहाबरोबर खाल्ली. नवीन करायला सांगितलं.

२२ जुलै

घाटमाथ्यावर भयंकर पाऊस. पंचगंगा झपाट्यानं चढतेय. नृसिंहवाडीत पाणी दत्ताच्या देवळात शिरलंय. दक्षिणद्वार झालं, म्हणजे नदीचं पाणी पादुकांवरून दक्षिणेच्या दारानं बाहेर पडलं, की एरवी लोक स्नानाला धावतात, आज कुणी नाव काढलं नाही.

गच्चीवरच्या दोन्ही हजार लिटरच्या टाक्या काठोकाठ भरल्या, क्लोरिन घातलं, खालचा व्हॉल्व्ह बंद, झाकणं दोरीनं आवळली. भरलेली टाकी जागची हलत नाही आणि परतल्यावर पहिलं पाणी आपलं असतं. गॅसच्या टाक्या रेग्युलेटर काढून, टोपण लावून वरच्या खोलीत, दाव्याला.

२३ जुलै

म्हशी पहाटे गेल्या. त्यामुळं माणसं दुपारपर्यंत निघाली. महामार्ग शिरोलीजवळ बंद झाल्याची बातमी ट्रॉलीत बसल्यावर कळली. आता कोल्हापूरकडनं काही येणार नाही.

२८ जुलै

जयसिंगपूर, छावणी. शाळेचा वर्ग, खिडक्या उघड्या, सगळ्यांना मास्क. कोरोना जिल्ह्यात अजून ओसरलेला नाही, म्हणून यंदा पाहुण्यांनीही घरी बोलावताना जरा आढेवेढे घेतले. त्यांना तरी काय म्हणणार. जेवण दोन वेळचं येतंय. कडक भाकरी पहिल्याच रात्री उपयोगी पडली, जेवण दुसऱ्या दिवशी दुपारी सुरू झालं. नंतर ती शेजारच्या गावच्या लोकांना चहाबरोबर.

३ ऑगस्ट

परतलो. पाणी २०१९ च्या रेघेच्या दीड वीत खाली राहिलं. घरात घोटाभर गाळ, वास, भिंतीत ओल. आण्णांच्या वरच्या खोलीत पाणी शिरलं नाही. म्हणजे बॅरलांची खरी परीक्षा झालीच नाही. कुणाची तक्रार नाही.

टाकीचं पाणी पिण्याला आणि स्वयंपाकाला, धुण्याला हात लावायचा नाही. गाळ काढायला नदीचंच पाणी, घमेल्यानं. पहिल्या दिवशी पोह्यांवर भागवलं. वीज नाही.

५ ऑगस्ट

जातं सुरू. पहाटे पाचपासून दोन-दोन बायांची पाळी. तरुण सुनांना पहिल्या दिवशी हाताला फोड आले, आत्ती आणि मावशी मात्र बसल्या त्या उठेचनात. मावशींना ओव्या येतात. चार झाल्या आणि पाचवीला त्यांना सासूची आठवण येऊन त्यांनी तिला अशी काही शिवी घातली की जातं थांबलं.

गावातल्या दुसऱ्या गल्ल्यांतूनही सुपं घेऊन बाया येऊ लागल्या. नियम केला : आधी घरात लहान पोरं आणि म्हातारी असतील त्यांचं.

चूल आण्णांच्या गच्चीवर, एकच, सगळ्यांची. वरच्या खोलीतल्या कोरड्या शेण्या आणि तुऱ्हाट्या पुरतायत. गॅस राखून ठेवलाय, चहाला आणि पोरांच्या दुधाला.

८ ऑगस्ट

सरकारी गहू आला. यंदा दळता आला, पण जात्यावर गहू दळणं म्हणजे शाळूच्या दुप्पट जीव जातो. ट्रॅक्टरच्या पीटीओवर (मागच्या फिरत्या दांड्यावर) चालणारी गिरणी एका पाहुण्याकडं आहे, त्याला फोन लावला. तो उद्या येतो म्हणाला. डिझेल आपलं.

आशाताई पाण्याची तपासणी करून गेल्या. टाकीचं पाणी ठीक. ज्यांनी गाळ तुडवला त्यांना आरोग्य खात्याच्या गोळ्या दिल्या.

१५ ऑगस्ट

वीज काल आली, गिरणी अजून नाही. हिशेब मिटवला. शाळू ३१ किलो उरला, तांदूळ संपत आला, डाळ १२ किलो, तेल जेमतेम. काड्यापेट्या ढीगभर. मीठ कमी पडलं, कारण म्हशींना चाटायला द्यायचं धरलंच नव्हतं. गूळ सगळ्यांत आधी संपला, चहात आणि पोरांच्या हातात. साबण मोजणीच्या तिप्पट लागला.

फेड दिवाळीनंतरची ठरली होती. ऊस आठवडाभर पाण्याखाली होता, शेंडे कुजलेत. फेड कारखान्याची बिलं आल्यावर, व्याज नाही. विरोध कुणाचाच नाही.

पुढच्या एप्रिलसाठी : शाळू १८०, मीठ वीस, गूळ तीस किलो. साबणाचं खोकं. पोहे तेवढेच. दुसरं जातं शोधायचं; खालच्या गल्लीत एक आहे म्हणतात, त्याच्यावर सध्या मोटरसायकलचा स्टँड टेकवतात. त्यांच्याशी आत्ती बोलणार आहेत.